फ्रीज : त्याचा इतिहास आणि त्याची निगा



व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले की गडकोट, लढाया, राजे आणि संत हे विषय श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. मी आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती वस्तू आपल्यापैकी पुष्कळांच्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभी आहे. तिच्यात या वेळी आपल्या घरचे दूध, उरलेली भाजी आणि कदाचित चैत्रगौरीच्या पन्ह्यासाठी आणलेल्या कैऱ्याही असतील. ती वस्तू म्हणजे फ्रीज. इतक्या साध्या वस्तूवर तासभर काय बोलणार, असे कोणी मनात म्हणत असेल तर त्यात त्याची चूक नाही.

मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस आहे. शाळेत फार शिकलो नाही. जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत आणि एस. टी.च्या प्रवासात वाचले. त्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली की मला दोन प्रश्न पडतात. ती कोणी बनविली, हा पहिला. आणि ती चालू कोणी ठेवली, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकांत सापडते. दुसऱ्याचे बहुधा सापडत नाही. गारवा ही एकदा पैसे मोजून घरी आणण्याची वस्तू नव्हे, तो रोज राखावा लागतो. आणि राखणाऱ्याचे श्रम हिशेबात धरले नाहीत तर यंत्र तर बिघडतेच, पण माणसालाही इजा होते. एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आरंभ आपल्या माठापासून करू. आपल्या मराठवाड्यातला वैशाख कसा असतो हे कळंबकरांना सांगावयास नको. अशा उन्हात माठातले पाणी गार राहते याचे कारण माठ पाझरतो. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येते, हवेत त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितके हे काम चांगले होते. म्हणून दमट मुंबईपेक्षा आपल्याकडचा माठ अधिक गार. ही गोष्ट मनात पक्की ठेवावी, कारण पुढे ज्या यंत्राविषयी मी बोलणार आहे त्याचेही सारे मर्म हेच आहे. द्रवाची वाफ करावयाची आणि तिच्याबरोबर उष्णता बाहेर न्यावयाची.

पण माठाला निगा लागते. पाण्यातील क्षार छिद्रांत बसले की पाझर मंदावतो. म्हणून आपल्या आया-आज्या माठ रोज रिकामा करून घासत, आणि उन्हाळा आला की कुंभाराकडून नवा आणत. त्या माठावर ओले फडके गुंडाळीत आणि तो वाळूवर ठेवीत. गारवा फुकट मिळत नव्हता. तो कुंभाराच्या चाकावर आणि घरातल्या बाईच्या हातांवर उभा होता.

अन्न टिकविण्याचीही अशीच विद्या होती. जंतूंना वाढावयास पाणी लागते. ते काढून घेतले की अन्न टिकते. म्हणून कुरडया, सांडगे, पापड यांची वाळवणे याच दिवसांत माळवदावर पडत. दूध तर आपल्या जिल्ह्याने वेगळ्याच रीतीने टिकविले. भूम-वाशीकडे खव्याच्या भट्ट्या आहेत. दूध शहरापर्यंत टिकत नाही, पण ते आटवून त्यातले पाणी घालविले की खवा होतो, आणि तो दुधापेक्षा अधिक वेळ तग धरतो. धगीपुढे तासन्‌तास उलथणे फिरविणाऱ्याचे हात हेच तेथे शीतगृहाचे काम करीत होते.

श्रीमंतांची रीत निराळी होती. अकबराच्या दरबारात पाणी थंड करण्यासाठी सोरा वापरीत, आणि दरबार लाहोरास असताना हिमालयाकडील बर्फ होड्या, गाड्या आणि हमाल यांच्याकरवी आणवीत, असे अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदविले आहे. अठराव्या शतकात अलाहाबादेस हिवाळ्याच्या रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवून बर्फ करीत. जमिनीत खड्डे खणून त्यांत उसाच्या किंवा मक्याच्या वाळल्या ताटांचा थर देत, त्यावर परळ मांडीत, आणि सूर्य उगवण्यापूर्वी माणसे बर्फाचे पापुद्रे गोळा करून कोठारात भरीत. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली या पद्धतीचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. बार्करचे नाव राहिले. पहाटेच्या थंडीत परळ उचलणाऱ्यांपैकी एकाचेही राहिले नाही.

यानंतरची हकीकत ऐकून आपणांस नवल वाटेल. मुंबई आणि कलकत्ता या शहरांनी काही दशके बर्फ आणला तो अमेरिकेतून. बॉस्टन शहरी फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी होता. तिकडील तळी हिवाळ्यात गोठत. त्या बर्फाच्या लाद्या कापून, लाकडाच्या भुशात बांधून त्याने जहाजांनी उष्ण देशांत पाठविण्याचा धंदा काढला. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्यास पोचले. तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षी, १८३४ साली, तो मुंबईस आला. त्या वर्षी जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले आणि यजमानासह काहींना सर्दी झाली, अशी हकीकत सांगतात. पुढे बर्फ साठविण्यासाठी मुंबईत जाड भिंतींचे बर्फघर बांधण्यात आले. मद्रासचे बर्फघर अजून उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तेथे राहिले होते आणि आज ती वास्तू त्यांच्या नावाने ओळखली जाते.

हा बर्फ कापीत कोण होते? हेन्री डेव्हिड थोरो या लेखकाचे नाव गांधीजींच्या सत्याग्रहाच्या संदर्भात आपण ऐकलेले असते. तो वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभर आयरिश मजूर रोज येऊन त्या तळ्याचा बर्फ कापीत आणि त्यांच्यावर अमेरिकन मुकादम असत, असे त्याने लिहून ठेवले आहे. तळ्याचे पाणी असे जाऊन गंगेच्या पाण्यात मिसळते, अशी कल्पनाही त्याने केली. आयर्लंडमध्ये तेव्हा बटाट्याचे पीक कुजून मोठा दुष्काळ पडला होता आणि लोक पोटासाठी देश सोडून अमेरिकेस जात होते. त्या देशाची भुकेली माणसे बर्फ कापीत होती, आणि आपल्याकडचे गोदी कामगार तो पाठीवरून उतरवीत होते. सरबताच्या पेल्यात या दोहोंपैकी कोणीही दिसत नसे.

योगायोग असा की, ज्या १८३४ साली तळ्याचा बर्फ मुंबईत आला, त्याच साली जेकब पर्किन्स या गृहस्थाने लंडनमध्ये बर्फ करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आजच्या आपल्या फ्रीजची मूळ कल्पना त्यातच आहे. पंप, म्हणजे ज्याला आपण काँप्रेसर म्हणतो, तो वायू दाबतो. दाबलेला वायू तापतो. मागच्या नळ्यांच्या जाळीत तो आपली उष्णता खोलीतल्या हवेस देतो आणि त्याचा द्रव होतो. हा द्रव केसासारख्या बारीक नळीतून आत सुटला की त्याची पुन्हा वाफ होते आणि ती आतली उष्णता शोषून घेते. ती वाफ पुन्हा पंपाकडे जाते. माठातली वाफ हवेत निघून जाते. येथे तीच वाफ कोंडून पुन्हा पुन्हा कामास लावतात. फ्रीज थंडी निर्माण करीत नाही, तो फक्त आतली उष्णता बाहेर वाहून नेतो. एका अर्थी तो हमालच आहे. हमालाची वाट अडविली तर माल पोचत नाही. निगेविषयी मी जे पुढे सांगणार आहे त्यातले निम्मे या एका वाक्यात आले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्फाचे कारखाने निघाले आणि बॉस्टनचा व्यापार बसला. घरात ठेवता येईल असे विजेचे यंत्र विसाव्या शतकात आले. १९२७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने डोक्यावर गोल काँप्रेसर असलेला फ्रीज काढला आणि अमेरिकेत तो घरोघर गेला. पण त्या काळच्या फ्रीजमधील वायू घातक होते. कोणात अमोनिया, कोणात गंधकाचा विषारी वायू, कोणात मिथिल क्लोराइड. नळी फुटली की घरातल्या माणसांच्या जिवावर बेते. बर्लिनमध्ये अशा गळतीने एक कुटुंब मेल्याची बातमी वाचून खुद्द आइन्स्टाइन अस्वस्थ झाले आणि १९२६ पासून लिओ झिलार्ड यांच्यासह त्यांनी हलते भाग नसलेला फ्रीज बनविण्याच्या खटपटीस आरंभ केला, असे सांगतात. त्याची पेटंटे मिळाली, पण तो बाजारात आला नाही.

याचे कारण तेवढ्यात दुसरा उपाय सापडला. टॉमस मिजली या रसायनशास्त्रज्ञाने फ्रिऑन नावाचा वायू पुढे केला. १९३० साली त्याने लोकांसमोर तो छातीत भरून घेतला आणि तोच फुंकून मेणबत्ती विझविली. हा वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे दाखवावयाचे होते. जग निश्चिंत झाले. पुढे १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, हे वायू आकाशात उंच जाऊन ओझोनचा थर खातात. तो थर सूर्याच्या घातक किरणांपासून आपले रक्षण करतो. १९८५ साली अंटार्क्टिकावर त्या थराला पडलेले खिंडार उघडकीस आले, १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला आणि २०१० पर्यंत हे वायू आपल्या देशातील नव्या फ्रीजमधून हद्दपार झाले. माणसाच्या घरात सुरक्षित असलेली वस्तू आभाळात सुरक्षित असेलच असे नाही, हा धडा जगाला अर्ध्या शतकानंतर मिळाला.

आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्यूटेन हा वायू असतो. मागच्या पट्टीवर ‘आर-६००ए’ असे लिहिलेले असते. तो ओझोनला अपाय करीत नाही, पण आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा हा सख्खा भाऊ आहे आणि तो पेटतो. फ्रीजमध्ये तो साधारण तीस ते ऐंशी ग्रॅमच असतो, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. सावध राहण्याचे आहे.

फ्रीजच्या दाराचाही इतिहास ऐकण्यासारखा आहे. पूर्वी दाराला बाहेरून अडकणारी खिटी असे. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपाछपी खेळताना मुले आत अडकत, दार आतून उघडत नसे आणि ती गुदमरून मरत. अमेरिकेत अशा इतक्या घटना घडल्या की १९५६ साली तेथे कायदा झाला. नवा फ्रीज आतून ढकलताच उघडला पाहिजे, असे त्याने बंधन घातले आणि ते १९५८ पासून लागू झाले. यातूनच दाराभोवती चुंबक असलेली रबरी पट्टी सर्वत्र आली. आपण जिला गॅसकेट म्हणतो आणि जिच्या घड्यांत दुधाचे ओघळ व काळी बुरशी साचू देतो, ती पट्टी लहान मुलांच्या जिवाच्या मोलाने आली आहे. जुना खिटीचा फ्रीज कोणाच्या वाड्यात पडला असेल तर त्याचे दार आजच काढून ठेवावे.

आता आपल्या देशात येऊ. देशी बनावटीचा पहिला फ्रीज १९५८ साली मुंबईच्या गोदरेज कंपनीने जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने बनविला, असे मानतात. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्याच्या राजधानीत, हैदराबादेस, १९४२ साली स्थापन झालेल्या ऑलविन कारखान्याचे फ्रीजही पुढे नावाजले. १९९० च्या दशकात ऑलविनचा हा विभाग व्होल्टासकडे गेला. मराठवाड्यातच, औरंगाबादजवळ चितेगाव येथे, व्हिडिओकॉनचा कारखाना निघाला. आपल्या बाजूची अनेक मुले तिकडे कामाला गेली. २०१८ साली त्या कंपनीवर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. आज महाराष्ट्रात शिरवळ आणि रांजणगाव येथे फ्रीजचे मोठे कारखाने आहेत. तेथे पत्रा वाकविणारा, फोम भरणारा, नळीला डाग देणारा कामगार पुष्कळदा ठेकेदाराचा असतो. आपण फ्रीजची दहा वर्षांची हमी विचारतो. तो बनविणाऱ्याच्या नोकरीची हमी किती महिन्यांची, हे विचारावयाचे आपल्या मनात येत नाही.

निगेकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. थंडीने जंतू मरतात, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. थंडीने त्यांची वाढ मंदावते. काही जंतू तर फ्रीजच्या गारव्यातही हळूहळू वाढतात. गोठविलेले जंतूही मरतीलच असे नाही. अन्न बाहेर काढले की ते पुन्हा कामास लागतात. म्हणून घाणेरडा फ्रीज म्हणजे घाण टिकविणारे कपाट. आतले तपमान चार-पाच अंश आणि फ्रीझरचे उणे अठरा अंश सेल्सिअस असावे. शिजविलेले अन्न दोन तासांच्या आत, आणि आपल्या उन्हाळ्यात तासाभरात, आत गेले पाहिजे. वाफाळते भांडे मात्र तसेच कोंबू नये. लहान भांड्यांत काढून, जरा निववून ठेवावे. कच्चे मांस व मासे खालच्या कप्प्यात झाकून ठेवावे, म्हणजे त्यांचे पाणी दुसऱ्या अन्नावर ठिबकणार नाही. खवा व लोणी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, कारण ते शेजारचा वास चटकन उचलतात.

आता साफसफाई. प्रथम बटण बंद करून पिन उपसून काढावी. ओल्या हाताने विजेशी खेळू नये. आतले सामान काढून एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्याने कप्पे व भिंती पुसाव्यात. काचेचे थंड कप्पे एकदम कढत पाण्यात घालू नयेत, ते तडकतात. दाराची रबरी पट्टी साबणाच्या पाण्याने, घड्या उघडून, मऊ फडक्याने पुसावी आणि कोरडी करावी. पट्टी नीट बसते की नाही हे पाहण्यास कागदाचा तुकडा पुरतो. तो दारात धरून दार लावावे आणि ओढावा. सहज निघून आला तर तेथून गारवा बाहेर जात आहे, असे समजावे. आत पाण्याच्या निचऱ्याचे छिद्र असते. त्यात भाताचे शीत अडकले तरी पाणी खाली साचते.

एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर धरतो. हा थर म्हणजे घोंगडी. उष्णता त्यातून लवकर जात नाही आणि काँप्रेसर विनाकारण धावत राहतो. थर पाव इंच झाला की वितळवावा. यंत्र बंद करून दार उघडे ठेवावे आणि आत गरम पाण्याचे भांडे ठेवावे. घाई करून सुरी, उलथणे किंवा स्क्रूड्रायव्हर यांनी बर्फ खरवडू नये. त्या पत्र्यातच वायूची नळी असते. तिला भोक पडले की वायू जातो, यंत्र निकामी होते आणि आयसोब्यूटेन असल्यास ठिणगीने भडका उडण्याचीही भीती असते. तसा वास किंवा फुसफुस जाणवली तर जवळ आग पेटवू नये, बटणांना हात लावू नये आणि खिडक्या उघडाव्यात.

मागे जाळी असेल तर तिच्यावरची धूळ व जळमटे दर दोन-तीन महिन्यांनी कोरड्या ब्रशाने काढावीत. नव्या फ्रीजमध्ये पुष्कळदा या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात, म्हणून बाजू कोमट लागते. तो बिघाड नव्हे. हमालाची वाट म्हणतो ती हीच. भिंत आणि फ्रीज यांत वीतभर जागा सोडावी आणि वर गोधड्या, पोती यांचा ढीग रचू नये.

विजेची गोष्ट आपल्याला अनुभवाची आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात तासन्‌तास भारनियमन चाले. वीज गेली तर दार उघडू नये; बंद फ्रीजमधील गारवा सुमारे चार तास टिकतो. वीज येते-जाते तेव्हा यंत्र लगेच सुरू करू नये, चार-पाच मिनिटे थांबावे. नळ्यांतला दाब समान झाला नाही तर काँप्रेसर उचलत नाही आणि जळतो. जेथे विजेचा दाब खालीवर होतो तेथे स्टॅबिलायझर लावावा. पूर्ण वितळलेले मांस किंवा आइस्क्रीम पुन्हा गोठवून खाऊ नये.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे मागची पाण्याची ताटली. बर्फ वितळून ते पाणी नळीने काँप्रेसरवरच्या ताटलीत येते. स्वच्छ साठलेले पाणी, सावली आणि घरातली माणसे हाताशी. डेंग्यूचा एडिस डास याहून अधिक काय मागणार? अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून ताटली आठवड्यातून एकदा काढावी. नुसती ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जिवंत असतात, म्हणून घासली पाहिजे. आपण रांजण आणि टाक्या कोरड्या करतो, गल्लीत धूर फवारण्यासाठी नगरपरिषदेकडे अर्ज करतो, आणि डास मात्र आपल्याच स्वयंपाकघरात, विजेच्या खर्चाने, वाढवीत असतो.

निगा कशी ठेवावी याचा नमुना पाहावयाचा असेल तर लांब जावयास नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात लशींचा फ्रीज असतो. लशी दोन ते आठ अंशांत ठेवाव्या लागतात. त्याहून अधिक उष्णता नको, आणि कित्येक लशींना गोठणेही चालत नाही. त्या फ्रीजच्या भिंतीत बर्फाचा अस्तर असतो, त्यामुळे दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी आतले तपमान टिकते. तेथील कर्मचाऱ्याने रोज दोनदा, सुटीच्या दिवशीही, तपमान नोंदवावयाचे असते. तेथून निघालेली लस बर्फाच्या पिशव्यांच्या पेटीतून परिचारिका वाडीवस्तीवर नेते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली लस आणि आपल्या तालुक्यातील बाळाचा दंड यांच्यामध्ये ही साखळी आहे. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या यशात लशीचा जितका वाटा, तितकाच रोज दोनदा वहीत आकडा लिहिणाऱ्या हाताचा. साखळीची एक कडी सैल झाली असती तर लस बाटलीतच निकामी झाली असती.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ आली. आपल्या घरातला फ्रीज चालू कोण ठेवतो? पुष्कळ घरांत घरची बाई, आणि जेथे ऐपत आहे तेथे धुणीभांडी करणारी बाई. आठवड्याची ताटली, पंधरवड्याचे पुसणे, महिन्याचे बर्फ वितळविणे हे काम कोणाच्या हिशेबात नाही. जाहिरातीत फ्रीज आला म्हणजे बाईचे काम वाचले, असे दाखवितात. काही वाचले हे खरे आहे. दोन वेळा दूध तापविणे, रोज बाजारात जाणे यांतून सुटका झाली. पण त्या जागी नवे काम आले आणि तेही तिच्याच वाट्यास आले. ज्या पुरुषाला कारखान्यात यंत्राची देखभाल हे कुशल काम वाटते आणि त्यासाठी तो वेगळी श्रेणी मागतो, त्याला तेच काम घरी बाईने केले की ते काम वाटत नाही. आमच्या चळवळीतल्या माणसांनाही हे सांगावे लागते. मागची जाळी झाडणे, जड फ्रीज पुढे ओढणे, ताटली काढणे एवढे तरी पुरुषांनी आपल्याकडे घ्यावे. मोलकरणीकडून करवून घ्यावयाचे असेल तर ते वेगळे काम आहे असे मानून त्याचा वेगळा मोबदला द्यावा, आणि तिच्या हाती फडके देण्यापूर्वी पिन आपण स्वतः उपसून ठेवावी.

दुसरे हात फ्रीजच्या मेकॅनिकचे. आय. टी. आय.मध्ये या कामाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, पण पुष्कळ मुले दुकानात उमेदवारी करूनच शिकतात. त्यांना ना विमा, ना भविष्यनिर्वाह निधी. पेटणारा वायू भरलेल्या नळीला ज्योतीने डाग देणे हे जिवाशी खेळ असलेले काम आहे. वायू मोकळा करून, हवा खेळती ठेवून, मगच ज्योत पेटवावयास हवी. गिऱ्हाईक मात्र ‘लवकर उरका, पाहुणे यायचेत’ असा घोशा लावते आणि बंद स्वयंपाकघरात, शेगडीशेजारी, त्याला कामास बसविते. त्याला वेळ द्यावा, दारेखिडक्या उघडून द्याव्यात, फ्रीज अंगणात न्यावयास हातभार लावावा, आणि ‘दोनच नळ्या जोडल्या, एवढे पैसे कशाचे?’ असे विचारण्यापूर्वी त्याच्या हातावरचे चट्टे पाहावेत.

अकबराच्या हमालांपासून वॉल्डनच्या आयरिश मजुरांपर्यंत आणि माठ घासणाऱ्या आजीपासून लशीची वही लिहिणाऱ्या परिचारिकेपर्यंत हीच माणसे गारवा राखीत आली. यंत्रे बदलली, वायू बदलले, कारखान्यांचे मालकही बदलले. राखणाऱ्या हातांची गरज मात्र कोणत्याच यंत्राने संपविली नाही आणि पुढचे यंत्रही ती संपवील असे मला दिसत नाही. म्हणून त्या हातांचे काम वाटून घेणे, त्याचा मोबदला देणे आणि ते निर्धोक करणे एवढेच आपल्या हाती आहे.

आज घरी गेल्यावर फ्रीजच्या मागे एकदा दिवा धरून पाहावे, ही माझी विनंती. ताटलीत पाणी दिसले तर उद्यावर ढकलू नये.